केळीवर पीएचडी, आणि तीही मुंबईला?

सर, नमस्कार.

सावद्याजवळच्या एका गावात राहते. वय २७. जळगावला अर्थशास्त्रात एम. ए. केलं. नेट झाली, पण जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, थोडक्यात हुकली. तीन वर्षांपासून एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते. मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागात पीएचडी करायची इच्छा आहे. विषय केळीच्या भावाचा. आमच्याकडे बोर्डावर एक भाव लागतो आणि बागेत आलेला व्यापारी दुसराच देतो. वडील १९९८ पासून प्रत्येक कापणीची नोंद वहीत ठेवतात. दोन पानांचे फोटो सोबत पाठवते आहे.

कॉलेजातले एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "केळीवरच करायचं तर मुंबईला कशाला? आणि मुंबईला जायचं तर केळी कशाला? तिथे जाऊन काहीतरी मोठं घ्या. चलनवाढ घ्या, जीएसटी घ्या." मी शीर्षक ठरवलं होतं, 'जळगाव जिल्ह्यातील केळी उत्पादकांच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास.' आता तेही बालिश वाटतं. गणित बारावीनंतर सुटलं. इंग्रजी वाचता येतं, बोलताना अडते. वडिलांचा विरोध नाही, पण "तीन-चार वर्षं पोसायचं कुणी?" असं ते विचारतात. आजी एवढंच म्हणते, "मुंबईले कायले जाती?"

काय करू?

— एक सीएचबी मॅडम, रावेर-यावल पट्टा

•

ताई,

तुमच्या सहकाऱ्यांचं वाक्य ऐकायला बिनतोड आहे. इतकं बिनतोड, की चाळीसेक वर्षांपूर्वी मी स्वतःच स्वतःला ते ऐकवलं होतं. मी धरणगावकडचा. मुंबईला गेलो तेव्हा डोक्यात विषय होता जिनिंग-प्रेसिंगचा, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायच्या धंद्याचा. आमच्या गल्लीच्या टोकाला जिन होता. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग थेट आमच्या ओट्यापर्यंत यायची आणि रात्री गाडीवाले आमच्याच ओट्यावर झोपायचे. कुणाची गाडी आधी मोजली जाते, कुणाची दोन दिवस उभी राहते आणि कंटाळून कमी भावात कशी जाते, हे मी दहाव्या वर्षापासून बघत होतो. पण कालिन्याला विद्यापीठात पोचल्यावर वाटलं, इथे हे काय सांगायचं! चलनविषयक धोरण घेतलं. दोन वर्षं आकडे गोळा केले. त्या आकड्यांबद्दल मला स्वतःचा असा एकही प्रश्न नव्हता, हे तिसऱ्या वर्षी कळलं. प्रबंध राहिला तो राहिलाच. दोष विभागाचा नाही, मार्गदर्शकांचा तर नाहीच. पुढे आयुष्यभर मजेत शिकवलं, पण तो जिन काही डोक्यातून गेला नाही.

तेव्हा माझं मत सरळ सांगतो. मुंबईला जा. आणि केळी घेऊन जा.

तुम्ही जिथे जायचं म्हणता ती जागा नेमकी काय आहे ते आधी पाहू. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. आपला खानदेश १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ होईपर्यंत त्याच्याच कक्षेत होता. अमळनेरचं प्रताप कॉलेज आणि जळगावचं एम. जे. १९४५ मध्ये निघाली, तेव्हा परीक्षा मुंबईच्याच असत. म्हणजे आजीला सांगता येईल, की परक्या घरी चालले नाही, जुन्या घरी चालले आहे. अर्थशास्त्र विभाग (आता त्याचं नाव मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी) कालिन्याच्या विद्यानगरीत ज्या इमारतीत आहे तिचं नाव रानडे भवन. न्यायमूर्ती रानडे १८६२ मध्ये याच विद्यापीठाच्या पदवीधरांच्या पहिल्या तुकडीत होते. १८७९ मध्ये सरकारला त्यांचा संशय आला आणि त्यांची बदली झाली ती आपल्या धुळ्याला. तिथे त्यांची टपाल फोडून वाचली जायची. पुढे १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. विलायतेत बांधलेले अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे इथे लागू होत नाहीत, इथली शेती, इथलं कर्ज, इथला समाज बघून ते तपासावे लागतात, असा त्याचा आशय. धुळ्याच्या त्या मुक्कामाचा या विचाराशी काही संबंध होता असा माझा दावा नाही. पण धुळ्यात राहून आलेल्या माणसाच्या नावाच्या इमारतीत खानदेशातल्या केळीबद्दल बोलायला लाजायचं कारण दिसत नाही.

त्याच विभागातले एम. एल. दांतवाला. स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात गेलेला माणूस. त्यांचं १९३७ चं पुस्तक कशावर, तर देशातल्या कच्च्या कापसाच्या विक्रीव्यवस्थेवर. कापूस शेतातून निघून गिरणीपर्यंत जाताना मध्ये कोण कोण बसलेलं असतं, यावर. १९६५ मध्ये केंद्र सरकारने कृषी मूल्य आयोग नेमला तेव्हा त्याचे पहिले अध्यक्ष हेच दांतवाला. आज कापसाचा हमीभाव जो आयोग सुचवतो, तो त्याचाच पुढचा अवतार. (केळीला हमीभाव नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.) पुण्याकडे पाहायचं तर धनंजयराव गाडगीळ केंब्रिजहून परत आले, १९३० मध्ये अर्थशास्त्राच्या अभ्यासाची गोखले संस्था उभी केली, आणि त्या संस्थेच्या अगदी सुरुवातीच्या प्रकाशनांत एक आहे पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी, १९३३ ची. फळांची! पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झालेल्या माणसाने आधी फळांच्या टोपल्या मोजल्या होत्या. तुमच्या सहकाऱ्यांना हे सांगा. भांडू नका, नुसतं चहा पिताना सांगा.

विभागातल्या आणखी एका वादाबद्दल वाचाच, कारण जागेचा स्वभाव त्यातून कळतो. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत देशाने अवजड उद्योगांवर भर द्यायचं ठरवलं. दिल्लीत त्याचं वजन मोठं. १९५६ मध्ये सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद या मुंबईच्या दोघांनी पुस्तक लिहून म्हटलं, की थांबा. नव्या कारखान्यात, नव्या धरणावर माणूस लावला तर तो पहिल्या दिवसापासून भाकरी खाणार, कापड नेसणार. ते धान्य, ते कापड पुरेसं नसेल तर पोलाद कितीही काढा, रोजगार तिथेच अडणार. याला ते मजुरीच्या वस्तू म्हणत. सरकारने ऐकलं नाही, ते वेगळं. पण ज्वारीच्या पोत्यापासून सुरू करून देशाच्या योजनेपर्यंत जायचं ही त्या विभागाची जुनी सवय आहे. डी. टी. लकडावालाही तिथलेच. गरिबी कशी मोजायची यावरच्या ज्या तज्ज्ञ गटाचा अहवाल १९९३ मध्ये आला, त्याचे ते अध्यक्ष होते.

आता तुमच्या शीर्षकाकडे येतो. ते बालिश नाही, पण बदला. 'समस्या : एक चिकित्सक अभ्यास' या साच्याचे प्रबंध मी पोत्याने वाचलेत. पहिलं प्रकरण जिल्ह्याची भौगोलिक ओळख, दुसरं पिकाचा इतिहास, मग प्रश्नावली, मग ७२ टक्के शेतकरी म्हणाले भाव मिळत नाही, मग शिफारशी. यात विषय आहे, प्रश्न नाही. तुमच्याकडे मात्र प्रश्न आहे, आणि तो तुमच्या वडिलांच्या वहीत आहे.

ती दोन पानं मी भिंग लावून वाचली. एक ओळ अशी : '१४ मे. नवती. बोर्ड १४५०. दिला १२००. वारं.' तीन ओळी खाली : 'पिलबाग. बोर्ड तोच. गाडी आली नाही, २ दिवस थांबलो.' आणि कोपऱ्यात वेगळ्या शाईने, बहुधा नंतर लिहिलेलं : 'पैसे २२ दिवसांनी.' (नवती म्हणजे नव्या लागवडीची बाग, पिलबाग म्हणजे आधीच्या झाडांच्या पिलांवर धरलेली.) ताई, ते 'वारं', ती न आलेली गाडी आणि ते २२ दिवस, यात तुमचा अख्खा प्रबंध आहे.

का ते सांगतो. रॉबर्ट जेन्सन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचा २००७ चा एक गाजलेला लेख आहे, केरळच्या मच्छीमारांवर. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या किनाऱ्यावर मोबाइलचे टॉवर टप्प्याटप्प्याने आले. त्याआधी एका बंदरावर तारली मासळी कुणी घेईना म्हणून समुद्रात टाकायचे आणि थोड्या अंतरावरच्या बंदरावर गिऱ्हाईक मासळीविना परत जायचं. मोबाइल आल्यावर मच्छीमार होडीतूनच भाव विचारू लागले. बंदरा-बंदरांतल्या भावांतला फरक जवळजवळ मिटला आणि पाच ते आठ टक्के मासळी जी फुकट जायची ती जायची थांबली. टॉवर एकदम न येता पट्ट्यापट्ट्याने आले, म्हणून आधी-नंतरची तुलना करता आली. तारलीसारखी स्वस्त मासळी, आणि लेख जगभर शिकवला जातो. 'मोठं काहीतरी घ्या' याला एवढं उत्तर पुरे.

पण त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. त्या मच्छीमाराला भाव माहीत नव्हता. तुमच्या वडिलांना तो माहीत आहे. बऱ्हाणपूरचा काय, रावेरचा काय, सकाळी मोबाइलवर येतो. तरी २५० रुपये कमी मिळतात. म्हणजे तिथे माहितीने जे सुटलं ते इथे माहितीने सुटत नाही. मच्छीमार होडी वळवून दुसऱ्या बंदरावर जाऊ शकत होता. तयार झालेला घड वळवता येत नाही. कापणीची टोळी व्यापाऱ्याची, गाडी व्यापाऱ्याची, आणि मे महिन्यातलं वारं सुटलं की बाग आडवी व्हायच्या आत द्यावीच लागते. मग प्रश्न असा होतो : भाव माहीत असूनही शेतकरी तो मागू का शकत नाही, आणि कोणत्या दिवशी कमी मागू शकतो, कोणत्या दिवशी जास्त? हा प्रश्न सावद्याचा आहे आणि जगातल्या कुठल्याही नाशवंत मालाचा आहे. हा घेऊन रानडे भवनात शिरा.

लगेच हुरळूनही जाऊ नका, कारण पहिल्याच चर्चासत्रात कुणीतरी हात वर करून विचारेल, आणि विचारलंच पाहिजे : २५० रुपयांचा फरक ही लूट कशावरून? माल कमी प्रतीचा असेल. वडिलांनी नवती, पिलबाग लिहिलंय ते ठीक, पण त्या दिवशी वापसीत, म्हणजे हलका म्हणून बाजूला काढलेल्या मालात, किती गेला? दांड्याच्या वजनाची कटती, म्हणजे वजावट, धरली होती का? रोखीचा भाव आणि २२ दिवसांच्या उधारीचा भाव एक कसा असेल? शिवाय एका शेतकऱ्याची वही म्हणजे एका शेतकऱ्याची वही. पंचवीस-तीस वह्या लागतील. आणि वही ठेवणारा शेतकरी हा वही न ठेवणाऱ्यापेक्षा मुळातच वेगळा असतो, घासाघीस करणारा असतो, हेही लक्षात घ्यावं लागेल. व्यापाऱ्याची बाजू तर अजून कुठेच नाही. त्याच्या गाडीतला माल दिल्लीला पोचेपर्यंत किती काळवंडतो, तिकडून त्याचे पैसे कधी येतात, हे त्याच्या ओट्यावर बसून विचारावं लागेल. तुम्ही त्या गावच्या लेक आहात, तुम्हाला चहा मिळेल. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला फक्त भाषण मिळतं.

हे असे हात वर करणारे लोक, ताई, हेच मुंबईला जायचं कारण. इमारत, नाव, परंपरा हे सगळं नंतर. पुस्तकं आता घरबसल्या मिळतात. जे मिळत नाही ते म्हणजे आपला कच्चा मसुदा वाचून 'हे पटत नाही' म्हणणारी माणसं, रोज, जेवणाच्या टेबलावर. शिवाय विभागाच्या आजूबाजूला सगळं गाव याच धंद्यातलं आहे. रिझर्व्ह बँक तिथे. तिनेच १९८७ मध्ये काढलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था गोरेगावला. भारतीय कृषी अर्थशास्त्र संस्था, १९३९ ची, तीही मुंबईत, आणि तिचं नियतकालिक तुमच्या विषयासाठी पहिलं वाचायचं. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली तिथूनच निघतं. दांडेकर आणि रथ या अर्थशास्त्रज्ञांचा दारिद्र्यावरचा लांबलचक अभ्यास १९७१ मध्ये त्यातच आला होता. यातल्या प्रत्येक ठिकाणी व्याख्यानं असतात. मागच्या बाकावर बसून ऐकायला बहुतेक ठिकाणी कुणी हटकत नाही. पहिलं वर्षभर फक्त ऐका. मी मागे बसून ऐकलं नाही, ग्रंथालयात लपलो.

जळगावला केलं तर? आपलं विद्यापीठ १९९० चं, आणि तिथेही मनापासून काम करणारी माणसं आहेत. आईवडिलांची तब्येत, लग्नाचं काही, असं खरंच अडत असेल तर खुशाल तिथे नाव नोंदवा. दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घ्यायची सोय यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत आहे, ती वापरा. पण नुसतं घराजवळ म्हणून नको. कुठेही जा, मार्गदर्शक निवडण्याआधी त्यांचे दोन-तीन लेख वाचा आणि त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना गाठून एकच विचारा : मसुदा दिल्यावर किती दिवसांनी परत मिळतो? बाकी सगळं त्या उत्तरात येतं.

गणिताचं. लागणार आहे, टाळता येणार नाही. पण घाबरण्याइतकं नाही. अकरावी-बारावीचं कलन (कॅल्क्युलस) पुन्हा काढा, मग संख्याशास्त्र, मग प्रतिगमन (रिग्रेशन). रोज सकाळी दीड तास, सहा महिने. आकडेवारीची आर नावाची संगणक-प्रणाली फुकट आहे, लॅपटॉपवर टाका आणि वडिलांची वही हाच पहिला सराव समजून तीत भरायला लागा. आपल्या घरचे आकडे असले की प्रतिगमनाचा अर्थ चटकन कळतो, हे मी वर्गात पाहिलंय. इंग्रजी बोलताना अडता, अडा. तिथे निम्मे अडतात. लिहिण्याकडे लक्ष द्या. आणि शेतकऱ्यांच्या मुलाखती लेवा बोलीत घेऊन जशाच्या तशा उतरवा. इंग्रजी करताना तुम्ही अडाल तिथेच बहुधा काहीतरी महत्त्वाचं असेल.

आता वडिलांचा प्रश्न. तो या पत्रातला सगळ्यात शहाणा प्रश्न आहे. बागेवर कर्ज काढून पीएचडीला जाऊ नका. जेआरएफसाठी पुन्हा बसा. वर्षातून दोनदा परीक्षा असते, आणि तीस वर्षांच्या वयोमर्यादेत महिलांना पाच वर्षांची सवलत आहे, म्हणजे वेळ गेलेली नाही. जेआरएफचे महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनंतर ४२,००० मिळतात, घरभाडं वेगळं. सीएचबीवर वर्षातले किती महिने हातात पैसे येतात हे मी विचारत नाही, मला माहीत आहे. जेआरएफ पुन्हा हुकली तर तुमच्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांची अधिछात्रवृत्ती बघा. पण या पैशांना उशीर होतो. म्हणून सहा महिन्यांचा मुंबईचा खर्च गाठीला असल्याशिवाय भुसावळहून गाडीत बसू नका. वसतिगृह मिळेल हे गृहीत धरू नका. 'तीन-चार वर्षं' हाही अंदाज जरा कमीच आहे. नियमाने किमान तीन, जास्तीत जास्त सहा, आणि महिलांना त्यावर दोन वर्षांची सूट. पाच धरून चाला आणि वडिलांना पाचच सांगा. नंतर वाढवून सांगितलं की माणसं चिडतात.

तोपर्यंतचं वर्ष वाया जाणार नाही असं बघा. सीएचबी चालू ठेवा, सकाळी गणित, आणि रविवारी वह्या शोधा. फैजपूर, निंभोरा, चिनावल, कुठेही. गावोगाव वडिलांसारखी एक-दोन माणसं सापडतील. कपाटात, देवघराच्या खाली, जुन्या पासबुकांच्या गठ्ठ्यात त्यांच्या वह्या असतात. मूळ वही मागू नका, मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक फोटोला गाव, वर्ष आणि पान असं नाव द्या. रविवारचं हे काम आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, केलंत तरी प्रवेशाच्या मुलाखतीत तुम्हाला इंग्रजीची भीती वाटायला वेळ राहणार नाही. समोरचे त्या वह्यांबद्दलच विचारत बसतील.

आजीला काय सांगायचं ते तुम्हीच बघा, त्या बाबतीत मी कच्चा आहे. माझी आजीही हेच विचारायची आणि मी हसून वेळ मारून न्यायचो. वडिलांना मात्र माझा नमस्कार सांगा. आणि त्यांना विचारा, १९९८ च्या आधीची एखादी वही माळ्यावर पडली आहे का? दुसऱ्या पानाच्या वर बारीक अक्षरात 'मागील वहीवरून' असं लिहिलेलं दिसतंय.

तुमचा,
सल्लागार मास्तर